आमच्या गटाचं एक लाखाचं कर्ज : जून २०२२ ते जुलै २०२५

१४ जुलै २०२५ ला आमच्या बचत गटाच्या कर्जाचा चोविसावा, म्हणजे शेवटचा हप्ता भरला. तेव्हापासून आमच्या आणि शेजारच्या गल्लीतल्या चार-पाच जणी विचारून गेल्या, गट कसा काढायचा, कर्ज कसं मिळतं. तोंडी सांगताना अर्धं राहून जातं, म्हणून सगळं लिहून काढते आहे. मी गटाची सचिव आहे. शिवणकाम करते, नागपुरात नंदनवनच्या मागच्या एका वस्तीत राहते. गटातल्या बायांची नावं लिहिलेली नाहीत. तशीही आमच्याकडे सून माहेरच्या गावावरूनच ओळखली जाते, काटोलवाली, तुमसरवाली, भंडारावाली. तेच इथे ठेवते.

सुरुवात एका वेगळ्याच कर्जापासून झाली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये नवऱ्याचं कळमन्याच्या गोदामातलं काम चार महिने बंद होतं. दिवाळीनंतर मी एका छोट्या कर्जाच्या कंपनीकडून ३०,००० रुपये उचलले. आधार आणि फोटो दिला, आठ दिवसांत पैसे हातात. दहा जणींचा ग्रुप, एकमेकींची हमी, दर आठवड्याला हप्ता. एकीचा हप्ता कमी पडला की बाकीच्या नऊ जणींना उठू देत नसत. दुसऱ्या लाटेत माझेच तीन हप्ते थकले. वसुलीचा माणूस रात्री आठला येऊन दारात खुर्ची टाकून बसायचा. मुलगा अभ्यासाला बसलेला असायचा, शेजारी बघायचे. मे २०२२ मध्ये ते कर्ज कसंबसं फिटलं, पण ती खुर्ची अजून डोळ्यांसमोर आहे.

नंतर कळलं की रिझर्व्ह बँकेचे नवे नियम १ एप्रिल २०२२ पासूनच लागू झाले होते. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला दिलेलं विनातारण कर्ज हे सूक्ष्म कर्ज. त्याच्या वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहाच्या नंतर तगादा लावता येत नाही. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. कोणाच्या दारात असं कोणी बसत असेल तर हे त्याला तोंडावर सांगा आणि कंपनीकडे लेखी तक्रार द्या. आम्हाला माहीत नव्हतं, म्हणून आम्ही मान खाली घालून बसलो.

महापालिकेच्या समाजविकास विभागातल्या समुदाय संघटिका ताई वस्तीत यायच्या. त्यांनी समजावलं की कंपनीचा ग्रुप आणि बचत गट एक नाही. ग्रुपमध्ये पैसा कंपनीचा आणि हमी तुमची. गटात आधी पैसा तुमचा जमतो, तुम्हीच तो एकमेकींना देता, आणि बँक नंतर येते. १९९२ मध्ये नाबार्डने, म्हणजे शेती आणि ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेने, ५०० गटांपासून गट आणि बँक जोडायला सुरुवात केली, तीच ही पद्धत. दहा ते वीस जणी लागतात.

१२ जून २०२२, रविवार, वटपौर्णिमेला दोन दिवस होते. अकरा जणी माझ्या घरी आल्या. महिन्याला २०० रुपये बचत ठरली, दर महिन्याचा दुसरा रविवार ठरला. रजिस्टरमध्ये नावं लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं की बारा वर्षं शेजारी राहून मला चौघींची नावंच माहीत नव्हती. मी काटोलवाली म्हणून सुरुवात केली तर ती म्हणाली, "काहून वो वैनी, माह्यं नाव लिहा ना पूर्ण."

बैठक झाल्यावर मी चहा दिला. आमचं घर बौद्ध. गल्लीत कोष्टी आहेत, तेली आहेत, दोन गोंड घरं आहेत. अकरातल्या तिघींनी कप उचललाच नाही. कोणी काही बोललं नाही, उपास आहे, आत्ताच घेतला, असं पुटपुटून त्या गेल्या. तिन्ही कपांवर साय धरली होती. मी ते धुवायला घेतले आणि ठरवलं की बैठक एकाच घरी ठेवायची नाही. पुढच्या बैठकीत मी ठराव मांडला, दर महिन्याला वेगळं घर, क्रमाने. कारण मी जागेचं सांगितलं. ठराव सगळ्यांच्या सहीने मंजूर झाला.

आता बँकेचं. खातं उघडायला जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून २४ ऑगस्टपर्यंत वेळ गेला, पाच चकरा झाल्या. लागलेले कागद : गट स्थापनेचा ठराव, खातं उघडण्याचा ठराव, नियमावली, अध्यक्ष-सचिव-कोषाध्यक्षांचे आधार, पॅन आणि फोटो, आणि तीन रबरी शिक्के. शिक्क्यांचे २४० रुपये, रजिस्टरं आणि अकरा पासबुकं ३२० रुपये, झेरॉक्स १५० च्या आसपास. पहिल्या खिडकीवर सांगितलं, अकराही जणींचं पॅन आणा. तिघींकडे पॅन नव्हतंच. दुसऱ्यांदा गेलो तर साहेब रजेवर. तिसऱ्यांदा लिंक बंद. प्रत्येक वेळी तिघींची रोजी बुडत होती. कोषाध्यक्ष मावशी दोन घरची धुणीभांडी सोडून यायच्या. शेवटी संघटिका ताईंनी रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक छापून दिलं. गटाचं बचत खातं उघडायला पदाधिकाऱ्यांचीच ओळखपत्रं पुरतात, सगळ्या सभासदांची लागत नाहीत. ते पान पुढे ठेवल्यावर वीस मिनिटांत अर्ज घेतला गेला. पोळ्याच्या आठवड्यात खातं उघडलं. माझं सांगणं एवढंच, नियमाचा कागद हातात ठेवा, आवाज चढवू नका, आणि महिन्याचे पहिले दहा दिवस बँकेत जाऊ नका, तेव्हा पेन्शनची गर्दी असते.

त्यानंतर पंचसूत्री : नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशोब. ऐकायला सोपं वाटतं. महिन्याला २,२०० रुपये जमायचे. ऑक्टोबरमध्ये पहिलं अंतर्गत कर्ज दिलं, २,००० रुपये, एकीच्या सासूच्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी जाण्यायेण्याला आणि औषधाला. व्याज शेकडा दोन, म्हणजे वर्षाला २४ टक्के. कोणी म्हणेल हे तर सावकाराइतकंच झालं. पण ते व्याज गटाच्याच पेटीत राहतं आणि त्यावर अकरा जणींचा हक्क असतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा १०,००० रुपयांचा फिरता निधी, म्हणजे गटाने आपसात फिरवायचे पैसे, खात्यात आला. (ते अभियान सप्टेंबर २०२४ मध्ये संपलं. नव्या गटांनी आता काय सुरू आहे ते झोन ऑफिसात आधी विचारावं.)

याच काळात बारावी सभासद आली. छत्तीसगढची, गल्लीत सगळे तिला रायपूरवाली म्हणतात. नवरा वारलेला, दोन मुलं, बांधकामावर रेती-गिट्टी वाहते, नाल्याकाठच्या टिनाच्या खोलीत भाड्याने राहते. जानेवारीच्या बैठकीत तिचं नाव निघालं तेव्हा पाच जणींचा विरोध होता. "ती कामगार आहे, उद्या पळून गेली तं कोन भरन?" मला त्यांचा राग आला नाही. भीती खरी होती, आधीच्या कंपनीच्या ग्रुपमध्ये दुसरीचे हप्ते त्यांनी भरले होते. कोषाध्यक्ष मावशी म्हणाल्या, सहा महिने तिची फक्त बचत घेऊ, मग बघू. त्यावर एकमत झालं.

तिचं आधार गावच्या पत्त्याचं होतं. पत्ता बदलायचे तेव्हा ५० रुपये लागायचे, पण पुरावा काय द्यायचा? घरमालक भाडेकरार करून देईना. ठरलेल्या नमुन्यातल्या प्रमाणपत्रावर नगरसेवकाची सही चालते, पण मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपून प्रशासक आलेले, तेव्हा नगरसेवकच नव्हते. शेवटी एका सरकारी दवाखान्यातल्या राजपत्रित वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तिची विचारपूस करून सही-शिक्का दिला. सगळं मिळून पाच आठवडे लागले आणि तिची चार दिवसांची मजुरी गेली. पत्ता बदलल्यावर तिचं स्वतःचं बँक खातं निघालं. मग ९० दिवस काम केल्याचा दाखला घेऊन बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणीही झाली. हे सगळं तिला एकटीला जमलं असतं असं मला वाटत नाही. प्रत्येक खिडकीवर गटातली एक जण तिच्यासोबत उभी होती.

मे महिन्याची बैठक तिच्याकडे आली. नागपूरचं कडक ऊन, टिनाचं छप्पर, आठ बाय दहाची खोली. तिने ओल्या गोणपाटाने दार झाकलं होतं. बारा जणी मांडीला मांडी लावून बसलो. हिशोब झाला आणि तिने चहा केला. तिच्याकडे स्टीलचे चारच ग्लास होते. चौघींनी प्यायचा, तिने बाहेर जाऊन ते राखेने घासायचे, विसळायचे, मग पुढच्या चौघींना. तीन फेऱ्या झाल्या. माझ्या घरी कप न उचललेल्या तिघींपैकी दोघी दुसऱ्या फेरीत होत्या. काटोलवालीने ग्लास हातात घेतला, दोन्ही हातांनी धरून थोडा वेळ बसली आणि प्यायली. तिसरी आजही सोबत पाण्याची बाटली आणते आणि कुठेच काही घेत नाही. तिला कोणी काही म्हणत नाही, हप्ता मात्र ती कधी चुकवत नाही. आम्ही कोणी जात मोडायला गटात आलो नव्हतो. पैसे हवे होते आणि पैशासाठी एका सतरंजीवर बसावं लागत होतं.

मोठ्या कर्जाचा अर्ज मार्च २०२३ मध्ये दिला, पैसे ११ जुलैला मिळाले. मधल्या चार महिन्यांत तीन अडचणी आल्या. पहिली, दोघींचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आधीच्या कर्जफेडीची नोंद, खराब निघाला. एकीचे १,४०० रुपये जुन्या कंपनीकडे बाकी दिसत होते, आणि तिला ते माहीतही नव्हतं. ते भरून, कागद घेऊन, नोंद सुधारेपर्यंत दोन महिने गेले. वर्षातून एकदा हा रिपोर्ट फुकट मिळतो. अर्ज करण्याआधीच सगळ्यांचा काढून बघा. दुसरी, बँकेत सांगण्यात आलं की २०,००० ची एफडी ठेवा. गटाला १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही, हा नियम पुन्हा छापून नेला आणि विषय संपला. तिसरी म्हणजे तपासणी. अधिकारी घरी आले तेव्हा त्यांनी मला किंवा अध्यक्षांना काहीच विचारलं नाही. कोपऱ्यात बसलेल्या भाजीवाल्या काकूंना विचारलं, गटाचा व्याजदर किती, मागच्या महिन्यात कोणाला किती दिलं? काकूंनी बोटांवर मोजून सगळं बरोबर सांगितलं. म्हणून हिशोब एकट्या सचिवाने घरी बसून लिहायचा नसतो, बैठकीत मोठ्याने वाचायचा असतो.

एक लाख मंजूर झाले, १२ टक्क्यांनी, २४ हप्ते, महिन्याला ४,७०७ रुपये. वेळेवर फेड केली की ७ टक्क्यांवरचं व्याज अभियानातून परत मिळत होतं आणि महिला गटाला आणखी ३ टक्के. पण ते नंतर मिळतं, आधी पूर्ण हप्ता भरावाच लागतो. आम्हाला पहिला परतावा यायला आठ महिने लागले. त्याच्या भरवशावर कोणी हिशोब मांडू नका.

पैसे पाच जणींनी घेतले, शेकडा दीडने, त्यातला अर्धा टक्का गटाच्या पेटीत. मी २५,००० घेतले. त्यातले १८,००० जुन्या जुकी शिलाई मशीनला आणि बाकीचे कापड-दोऱ्याला. तुमसरवालीने २०,००० मध्ये तर्री-पोह्यांची गाडी टाकली. एकीने नवऱ्याच्या ई-रिक्षाच्या बॅटरीसाठी २०,००० घेतले. बाईच्या नावावर नवऱ्याला कर्ज का, यावर बैठकीत तासभर भांडण झालं. शेवटी ठरलं की हप्ता तीच आणेल आणि रोजची कमाई तीच लिहील. तिने दोन वर्षं ती वही पाळली. भंडारावालीने २०,००० चं शेवया-कुरडईचं मशीन घेतलं. भाजीवाल्या काकूंनी १५,००० घेतले.

काकूंचं थोडं सविस्तर सांगते. पंधरा वर्षं त्या पहाटे कळमन्याच्या बाजारात माल आणायला जाण्याआधी एका माणसाकडून पैसे घ्यायच्या. सकाळी हातात ९००, संध्याकाळी परत १,०००. रोजचे शंभर, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तरी २,५००. गटाचा हप्ता त्यांना साडेसातशेच्या आत बसला. माल तोच, ठेला तोच, घाम तोच. महिन्याला पावणेदोन हजार घरात राहू लागले. काकूंनी पहिल्यांदा स्वतःचं भांडवल पोलक्यात ठेवून बाजार केला. त्या दिवशी संध्याकाळी त्या माझ्याकडे येऊन नुसत्या बसल्या. म्हणाल्या, "आज कोनाकडे जायचं नाही, तं वेळच वेळ दिसून राहिला."

माझी धाकटी बहीण तेव्हा एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याचं शिक्षण, करत होती. २०२४ मध्ये ती याच विषयाची प्रश्नावली घेऊन आली. पहिलाच प्रश्न : कर्जामुळे नवीन रोजगार मिळाला का, हो किंवा नाही. काकूंच्या नावापुढे तिने 'नाही' लिहिलं. मी अडवलं, बरंच बोलणं झालं. तिनेच सांगितलं की १९७६ मध्ये बांगलादेशातल्या जोबरा गावात, पुढे ग्रामीण बँक काढणाऱ्या मुहम्मद युनूस यांनी ४२ जणांना मिळून २७ डॉलर दिले तेही अशाच लोकांना, ज्यांची कमाई व्यापारी आधीच अडकवून ठेवायचे. आणि हैदराबादच्या १०४ वस्त्यांमध्ये अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास सांगितला. निम्म्या वस्त्यांत आधी कर्ज सुरू केलं, निम्म्यांत नाही, मग दोन्हीकडे बघितलं. ज्यांचा धंदा आधीपासून होता त्यांना फायदा झाला, पण सरासरी घराचा खर्च वाढला नाही, मुलांच्या शिक्षणात किंवा घरात बाईच्या शब्दाला असलेल्या वजनात ठळक फरक दिसला नाही. वेगवेगळ्या सहा देशांतले असे अभ्यास २०१५ मध्ये एकत्र छापले गेले, त्यांचाही सूर तोच, थोडा फायदा, कायापालट नाही.

मला हे पटतं. आमच्या बारा जणींत नवा रोजगार तिघींना मिळाला. मला, तुमसरवालीला आणि काटोलवालीला, कारण जूनमध्ये शाळेच्या गणवेशांचं काम येतं तेव्हा काज-बटण आणि तुरपाई तिच्याकडे असते, सीझनला महिन्याचे तीन हजार होतात. ती रोज माझ्या घरी येऊन काम करते. बाकीच्यांचं काम होतं तेच राहिलं. काकूंसारखीच्या हातात ते पूर्ण आलं, एवढा फरक. गट काढला की सगळ्या उद्योजिका होतील असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

भंडारावालीचं जे झालं तेही लपवणार नाही. मशीन घे, मी आहे ना, असं तिला मीच म्हटलं होतं. तिचा माल चांगला होता. वर्षाला १०० रुपये भरून अन्नसुरक्षेची नोंदणी केली, लेबल छापलं. पण दुकानदार माल ठेवून घ्यायचे आणि पैसे दोन महिन्यांनी द्यायचे, हप्ता मात्र दर महिन्याला. पावसाळ्यात वाळवण नाही, मशीन चार महिने चादरीखाली. ती पुन्हा तीन घरची धुणीभांडी करू लागली, फक्त हप्त्यासाठी. ज्या घरातून सुटायचं होतं त्याच घरात ती कर्जामुळे परत गेली. चार महिने आम्ही तिच्याकडून फक्त व्याज घेतलं, मुद्दल गटाच्या पेटीतून भरलं. डिसेंबर २०२४ मध्ये मशीन ११,००० ला विकलं. तिने सगळं फेडलं, पण त्या वर्षभर माझ्याशी मोजकंच बोलायची. माल उधारीवर जाणार असेल तर हप्त्याच्या तीन महिन्यांचे पैसे बाजूला असल्याशिवाय कर्ज घेऊ नका, हे मी तिला तेव्हाच सांगायला हवं होतं.

आता बँक ३ लाख द्यायला तयार आहे. दोन बैठका त्यावर गेल्या. आम्ही दीड लाखाचाच अर्ज करायचं ठरवलं, कारण पाचच जणींकडे चालू धंदा आहे आणि फक्त मिळतंय म्हणून कोणाला द्यायचं नाही. भंडारावाली म्हणाली, मी यापुढे फक्त बचत करेन. ते तसंच लिहून घेतलं.

शेवटचा हप्ता भरल्यावर नो ड्यूजचा, म्हणजे काही बाकी नाही अशा प्रमाणपत्राचा, लेखी अर्ज द्या, तोंडी सांगून येऊ नका. आमचं प्रमाणपत्र आठ दिवसांनी मिळालं. दीड महिन्याने क्रेडिट रिपोर्टमध्ये कर्ज बंद दिसतं का तेही बघायचं आहे. प्रमाणपत्राची प्रत्येकीने झेरॉक्स काढून घेतली, दोन रुपयांत. रायपूरवालीने या एक लाखातला एक रुपयाही घेतला नव्हता. तिने ३० रुपये देऊन तिची प्रत लॅमिनेट करून घेतली आणि टिनाच्या भिंतीला, आरशाच्या बाजूला, लावली आहे.